दयारामचं कुलूप

१

शालिग्राम साहूच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली ती मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. रायपूरजवळच्या उरला इथल्या त्या रोलिंग मिलमधले सळ्या पुढे सरकवणारे रोलर तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते. बंद म्हणजे नुसते बंद नव्हे, कुलूप लावून बंद. मशीनला हात घालण्याआधी फिटर मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, वर आपल्या नावाची लाल पाटी टांगतो आणि किल्ली खिशात टाकतो. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं त्याला शिवायचंसुद्धा नाही. इतकं सगळं असून रोलर सुरू झाले, आणि पलीकडच्या बाजूला ग्रीस पुसत बसलेल्या शालिग्रामचा हात आत ओढला गेला.

कुलूप कुणी तोडलं नव्हतं. किल्लीनं उघडून, पाटीसकट, ते बोर्डावर ‘दयाराम रामटेके’ या नावाच्या खुंटीला नीट अडकवलेलं होतं. मिलमधल्या कॅमेऱ्यात स्विचपाशी उभा असलेला माणूस पाठमोरा दिसत होता, आणि त्याच्या पिवळ्या हेल्मेटवर मागून रंगानं ‘दयाराम’ लिहिलेलं होतं.

आता याच्यापुढे कुणाला काय सांगणार? आठवड्याभरात दयारामच्या हातात आरोपपत्र पडलं. पलीकडे माणूस आहे की नाही हे न पाहता कुलूप काढलं, कामावरून काढून का टाकू नये, खुलासा द्या.

नोकरी गेली असती तर दयारामनं कुठेही दुसरी धरली असती, कसब होतं त्याच्या हातात. पण घरी ज्योती होती. दोन्ही किडन्या बसलेल्या, मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, आणि ते सगळं नवऱ्याच्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्डावर. नोकरी गेली की आज ना उद्या कार्ड जाणार. कार्ड गेलं की मंगळवार-शुक्रवार गेले.

असा माणूस खुलाशात काय लिहील? जीव तोडून लिहील. दयारामनं दोन पानं लिहिली होती, आणि ती वाचून शेवंताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दोन पानांत तो स्वतः अकरा वीसला कुठे होता, एवढंच लिहिलेलं नव्हतं.

२

शेवंता गजभिये म्हणजे रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या बाई. तेहतीस वर्षं त्यांनी आरोपपत्रं टाइप केली. किती घरं त्या टाइपरायटरखाली चिरडली असतील, याचा हिशोब त्या आता रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून चुकता करत होत्या. रायपुरात कुणा मराठी माणसाच्या हातात चौकशीचा कागद पडला की त्याला शेजारीपाजारी सांगत, ‘शेवंताबाईकडे जा.’ युनियनच्या कागदावर त्यांचं नाव सल्लागार म्हणून होतं, त्यामुळे चौकशीत बाजूला बसायला परवानगी मिळे. फी नव्हती. बाई मात्र तोंडाच्या फटकळ होत्या.

“दयाराम, हे काय लिहून आणलं बापा तू? मशीनचा सगळा इतिहास लिहिला. तू कुठी होता ते कोन लिहिन, मी?”

“मिलमधीच होतो न मावशी.”

“मिलमधी कुठी?”

“मशीनवर.” दयाराम पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. “चूक झाली माह्याकडून. मी ते मान्यच करून रायलो. इन्क्रिमेंट बंद करा म्हना, सस्पेंड करा म्हना. नोकरीवरून नोका काढू, इतकंच लिहा तुमी.”

शेवंताबाईंनी आयुष्यात चूक मान्य करणारे पुष्कळ पाहिले होते. मान्य करणारा माणूस सगळं तपशिलानं सांगतो, सांगून मोकळा होतो. हा मान्य करून दार लावून घेत होता.

“कुलूप काढताना पलीकडं पायलं नाई तू?”

“नाई पायलं.”

“काहून?”

दयारामचे डोळे भरून आले. त्यानं ती दोन पानं उचलून पुन्हा बाईंपुढे सरकवली.

३

मिलमध्ये गंधार पटवर्धन म्हणून एक तिशीतला अधिकारी होता. कामगारांच्या रजा, गेटपास, शिस्त सगळं त्याच्याकडे. पुण्याहून येऊन दोन वर्षं झालेली, बोलणं अदबीचं. त्यानं बाईंना फाइल दाखवली.

“मॅडम, मलाही वाईट वाटतंय. पण पुरावा इतका सरळ आहे की मी काय करू?”

फाइलीत कॅमेऱ्याची चित्रं होती. त्याच पाळीतला दुसरा फिटर श्यामकांत बोरकर याची साक्ष होती, की अकरा पंधराला दयारामला कुलूप काढताना त्यानं स्वतः पाहिलं. आणि स्टोअरची एक चिठ्ठी होती. दयारामच्या जुन्या कुलपाची किल्ली हरवली म्हणून सोमवारी संध्याकाळी, म्हणजे अपघाताच्या आदल्या दिवशी, त्याला नवंकोरं कुलूप दिलेलं होतं.

“ही चिठ्ठी काहून लावली?” बाईंनी विचारलं.

“किल्ली एकच होती आणि ती दयारामकडेच होती, हे सिद्ध व्हावं म्हणून. कुलूप आम्ही त्याच दिवशी पाकिटात घालून सील केलंय.”

मशीन ज्यानं सुरू केलं तो यशदीप काचेच्या केबिनमध्ये होता. त्यानं शपथेवर सांगितलं, “आंटी, बोर्ड पर पाटी लटकी थी, स्विच पर ताला नहीं था, मैंने भोंगा भी बजाया. फिर चालू किया.” खोटं नव्हतं ते. भोंगा सगळ्यांनी ऐकला होता. पण त्या मिलमध्ये भोंगा दिवसातून पन्नास वेळा वाजतो, त्याला कोण उठून उभं राहतं?

शालिग्रामला भेटायला बाई त्याच्या घरी गेल्या. हात पट्ट्यांत गुंडाळलेला, आवाज मात्र शांत. “दया भैया मोला कहिस, ओ पार जाके सफाई कर. कहिस, ताला मोर हे, मोर रहत ले कुछु नइ होवय.” दयाराम म्हणाला होता, पलीकडे जाऊन साफ कर, कुलूप माझं आहे, मी आहे तोवर काही होणार नाही.

“मग त्याच्यावर राग नाई का तुमचा?”

शालिग्रामनं पट्ट्यांतल्या हाताकडे पाहिलं. “हव, हे. फेर ओ अइसन आदमी नोहय, दीदी.”

राग आहे, पण तो तसा माणूस नाही. ज्याची बोटं गेली तो हे म्हणतोय, आणि ज्याच्यावर बालंट आलंय तो म्हणतोय की मीच केलं. शेवंताबाई रिक्षात बसल्या तेव्हा त्यांचं डोकं भणभणत होतं. शालिग्रामला स्वतःच्या तोंडानं पलीकडे पाठवणारा माणूस तासाभरात ते विसरून कुलूप कसं काढेल?

४

श्यामकांत गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. पन्नाशीचा, ठेंगणा, केसांना मेंदी. दयारामचा वीस वर्षांचा दोस्त. एकमेकांच्या पोरांच्या बारशाला जेवलेले, बुद्धजयंतीची खीर एकाच पातेल्यात करणारे लोक. आणि हाच दयारामच्या विरुद्ध साक्षीदार.

“मले काय आनंद होते का बाई? पन पायलं ते पायलं.”

“कुठून पायलं?”

“क्रेनच्या शिडीपासून.”

“म्हंजे तीसेक पावलं.”

“असन तितकं.”

“काय पायलं नेमकं?”

श्यामकांतनं चहाचा कप खाली ठेवला. “तो आला, पाटी काढली, मंग कुलूप काढाले लागला. टाइम लागला त्याले. अडकते ते कुलूप. किल्ली आतमधी दाबून, जराशी वर उचलून फिरवली तवाच निघते. मंग बोर्डावर टांगलं न गेला.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि वहीत अक्षर न् अक्षर लिहून घेतलं.

निघताना त्यांनी सहज विचारलं, “ज्योती कशी हाये, गेला होता का भेटाले?”

श्यामकांतचा चेहरा एकदम पडला. “कोन्या तोंडानं जाऊ?” असं म्हणून तो गेटाच्या आत चालता झाला. चहा तसाच राहिला.

५

दयारामचं घर गुढियारीला. बाई पोचल्या तेव्हा तो घरी नव्हता. ज्योती खाटेवर टेकून बसली होती, चेहरा पिवळा, पण पदर नीट डोक्यावर. मुलगी मोनाली पाणी घेऊन आली.

“आईला तूच घेऊन जाते का दवाखान्यात?”

“हाँ आजी, हर बार मैं ही जाती हूँ. पंडरी साइड है न, ऑटो से.” पोरीला मराठी सगळं कळत होतं, उत्तर मात्र हिंदीतून. “और ये कॉपी में सब लिखना पड़ता है. वजन, बीपी.”

बाईंनी ती वही चाळली. मोनालीची नोंद दर वेळी दोन ओळींची. वजन एवढं, बीपी एवढं, ठीक है. पानंच्या पानं तशीच. आणि मधेच एका पानावर बाईंचं बोट थांबलं. तिथे अर्धं पान भरलं होतं. ‘मशीन सुरू ११.०५. प्रेशर १४०. ११.१५ प्रेशर १५५. ११.२० अलार्म, नळी दबली होती, सिस्टरने सरळ केली. ११.२५ प्रेशर १४०, आवाज नॉर्मल.’

बाईंना हसू आलं आणि लगेच रडू आलं. बायकोच्या उशाशी बसून मशीनचं रीडिंग घेणारा माणूस जगात एकाच जातीचा, तो म्हणजे फिटर. तारीख तीच होती. मंगळवारची. अकरा वीसला दयाराम उरल्याच्या रोलरपाशी नव्हताच.

“त्या दिवशी तू कुठी होती मोनाली?”

“मेरा प्रैक्टिकल था आजी.”

ज्योतीनं मान दुसरीकडे वळवली. “मीच फोन केला होता याईले मिलमधी,” ती म्हणाली. “रात्रभर दम लागून रायला होता. मीच बोलावलं. मी नसतं बोलावलं तर बरं झालं असतं.”

तेवढ्यात दारात दयाराम उभा राहिला. बाईंच्या हातातली वही पाहून तो उंबरठ्यावरच खाली बसला.

“दयाराम, एकच सांग,” बाई म्हणाल्या. “ते नवं कुलूप काढताना अडकलं होतं का रे?”

“नवंच होतं मावशी,” तो गोंधळून म्हणाला. “नवं कुलूप काहून अडकन?”

६

झालं. गाठ सुटली, आणि सुटायला नको होती असं शेवंताबाईंना त्याच क्षणी वाटलं.

“आइक,” त्या म्हणाल्या. “सोमवारी संध्याकाळी स्टोअरनं तुले कुलूप उघडंच देलं. मंगळवारी सकाळी तू दाबून लावलं. अकरा पंधराले कोनीतरी ते उघडलं, न त्याच दिवशी कंपनीनं सील केलं. म्हंजे ते कुलूप जन्मात एकदाच किल्लीनं उघडलं. ते अडकते हे जगात एकाच मानसाले म्हाईत असू शकते. तुले तर म्हाईतच नाई. श्यामकांतले म्हाईत हाये. तीस पावलांवरून पाठमोऱ्या मानसाची किल्ली दाबलेली न उचललेली दिसत नाई बापा, ते हाताले समजते. आता हेल्मेट. रेल्वेत आमच्याकडं खुर्चीवर कोट टांगून लोकं बाहेर जात. साहेबाले वाटे, मानूस इथंच हाये. तुमी हेल्मेट देऊन जाता. बरोबर?”

दयारामनं मान हलवली. मग जे इतके दिवस कोंडलं होतं ते सगळं बाहेर पडलं.

सकाळी ज्योतीचा फोन आला. दयारामनं गंधारसाहेबांकडे गेटपास मागितला, ते म्हणाले, आज दुरुस्तीचं काम आहे, आज नको. मग तो ट्रकचं वजन करायच्या काट्याच्या गेटातून, ट्रकच्या आडून निघाला. सगळेच निघतात तसं. जाताना हेल्मेट आणि किल्ली श्यामकांतला दिली. बेअरिंग बसलं की कुलूप काढ म्हणाला.

“बस, इतकंच सांगतलं मावशी. शालिग्राम पलीकडं बसला हाये, हे सांगायचं रायलं. मीच बसवलं होतं त्याले. फोन वाजून रायला होता, ज्योतीले दम लागला होता, न मी किल्ली देली, मानूस देल्ला नाई. श्यामकांतची काय चूक? त्याले म्हाईतच नोतं. मंग मीच त्याले म्हटलं, तू माहं नाव सांग. न सांगता गेट सोडलं तर सरळ घरी पाठवतात, सगळ्याईले म्हाईत हाये. कुलपाची चूक झाली तर इन्क्रिमेंट जाईन, नोकरी राहीन. असा विचार केला आमी.”

हिशोब केला दोघांनी, आणि तोही उलटा केला. मंगळवारपर्यंत असा नियम होता खरा. पण तीन बोटं गेल्यावर कंपनीला कुलपाची चूकच सगळ्यात मोठी झाली होती.

“परवा चौकशी हाये. हे वही मी ठेवतो तिथं,” बाई म्हणाल्या.

“नोका ठेवू मावशी.” दयारामनं त्यांचे पाय धरले. “त्याच्या घरी दोन पोरी हायेत लग्नाच्या. त्यानं माह्यासाठी केलं.”

“न इचं काय?” बाईंनी ज्योतीकडे बोट केलं. आवाज चढला होता त्यांचा. “इचा मंगळवार कोन करन?”

खाटेवरून ज्योती म्हणाली, “तुमाले जे खरं वाटते ते करा बाई. मले इचारू नोका. मी जे म्हनन त्यात माहाच स्वार्थ राहीन.”

७

त्या संध्याकाळी शेवंताबाई श्यामकांतच्या घरी जाऊन आल्या. काय कळलंय ते सगळं सांगितलं. “मी परवा तुह्यावर बोट नाई दाखवणार,” त्या म्हणाल्या. “फक्त कुलपाचं इचारीन. तू काय सांगतो ते तुह्यावर.” त्याची बायको शारदा आतल्या दारात उभी होती. तिनं चहा विचारला नाही, आणि बाईंना ते बरंच वाटलं.

चौकशी गंधारच्याच ऑफिसात झाली. चौकशी करणारे वकील टेबलाच्या मधोमध, एका बाजूला दयाराम आणि बाई. साक्षीसाठी श्यामकांतला बोलावलं. बाईंनी ज्योतीची वही वकिलांपुढे ठेवली, दवाखान्यातून आणलेली दयारामच्या सहीची पावती ठेवली, सील केलेलं कुलूप मागवलं, ते दाबून लावलं आणि किल्ली दयारामच्या हातात दिली.

“उघड.”

दयारामनं डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. कुलूप हलेना. खरंच हलेना.

श्यामकांत खुर्चीवरून उठला. कुणी विचारायच्या आत त्यानं दयारामच्या हातून कुलूप घेतलं, किल्ली आत दाबली, जरा वर उचलली आणि फिरवली. कुलूप उघडलं.

“मीच होतो साहेब,” तो म्हणाला. “हेल्मेट त्याचं, डोकं माहं. पलीकडं मानूस हाये का ते मी पायलं नाई. पायाले पायजे होतं. खोटी साक्ष पन मीच देली.”

गंधारनं पेन खाली ठेवलं. “त्यानं त्या दिवशी माझ्याकडे गेटपास मागितला होता,” तो वकिलांना हळूच म्हणाला. “घरी काय आहे, हे मी विचारलंही नाही. फाइलीत मी ते लिहायला हवं होतं.” ते त्यानं लिहून दिलं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ज्या वेळी दोन मिनिटं देऊन विचारायचं होतं ती वेळ निघून गेली होती.

निकाल पंधरा दिवसांनी आला. गंधारच्या त्या कागदामुळे दयारामला गेट सोडल्याबद्दल फक्त महिनाभर निलंबन, दोन इन्क्रिमेंट बंद. नोकरी शाबूत. श्यामकांतला कामावरून काढलं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं आणि चौकशीत खोटी साक्ष, दोन्ही कलमं त्याच्यावर. बाईंनी त्याच्यासाठी विनंतीचं पत्र दिलं होतं, पण चौकशी त्याची नव्हतीच, मग ते पत्र कोण वाचतो?

दयाराम निकाल घ्यायला आला तेव्हा त्यानं आभार मानले नाहीत. बाईंनी त्याची अपेक्षाही केली नव्हती.

८

निलंबन संपून दयाराम कामावर रुजू झाला त्याच्या पहिल्या मंगळवारी शेवंताबाई गुढियारीला गेल्या. श्यामकांतसाठी अपील करायचं होतं, त्यावर दयारामची सही हवी होती. मोनालीचं कॉलेज होतं. मिलमध्ये आता काट्याच्या गेटावरही माणूस बसवला होता, कुणी कुणाचं हेल्मेट घालत नव्हतं, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. बाईंना वाटलं, आज ज्योती एकटीच ऑटोनं जाणार.

दारात श्यामकांतची स्कूटर उभी होती.

दोन महिन्यांत दोघे दोस्त एकमेकांशी बोलले नव्हते, हे बाईंना ठाऊक होतं. दयाराम डबा घेऊन कामावर निघायच्या बेतात थांबला होता. श्यामकांत स्कूटर धरून उभा. केसांची मेंदी उतरून डोकं पांढरं दिसत होतं.

“भाऊजी, तुमी कायले?” ज्योती संकोचून म्हणाली. “तुमचं काम पाहाचं असन न.”

“काम पायल्या जाईन. बसा वहिनी.”

दयारामनं बायकोला हात देऊन मागच्या सीटवर बसवलं. मग तो श्यामकांतच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

“हे पाय. डाव्या हातात सुई असते, त्या हाताले धक्का नोको लागू देऊ. पाणी मागन, अर्ध्या कपावर देऊ नोको. सुरू झाल्यावर वीस मिनटांनी थंडी वाजते, चादर थैलीत हाये. उतरताना चक्कर येते, एकटीले उठू देऊ नोको. न तिले भीती वाटते, पन ते सांगत नाई. बाजूलेच बस.”

श्यामकांत एकेका गोष्टीला मान हलवत होता. “अजून काई?” त्यानं विचारलं.

“नाई. इतकंच.”

शेवंताबाई अपीलचा कागद पिशवीतून काढणार होत्या, त्यांचा हात तिथेच राहिला. आपण केस जिंकलो की हरलो हे त्यांना आजही कुणी विचारलं तर सांगता येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “श्यामकांत, तुह्या अपीलचं पाहून रायली मी.”

“पाहा बाई,” तो स्कूटरला किक मारत म्हणाला. “पन आता आमाले निघू द्या, दहा वाजून रायले.”